विश्लेषण : संसर्ग लघवीचा, धाप मात्र छातीत! प्रोस्टेटमधील पू फुप्फुसापर्यंत कसा पोहोचतो?

लघवीला जळजळ होऊ लागली की आपल्याकडे ‘उन्हाळी लागली’ म्हणतात. धण्याचे पाणी, सब्जा, बार्ली किंवा औषधाच्या दुकानातून आणलेल्या चार गोळ्या, एवढ्यावर बहुतेकांचे भागते. मात्र फार थोड्या रुग्णांत हाच संसर्ग मूत्रपिंडात किंवा प्रोस्टेट ग्रंथीत दडी मारतो आणि तेथून रक्तात उतरतो. काही दिवसांनी हा रुग्ण डॉक्टरांकडे येतो तेव्हा त्याची तक्रार लघवीची नसते, धाप लागल्याची असते. ही गुंतागुंत दुर्मीळ आहे. पण ओळखायला उशीर झाला तर ती जिवावर बेतते. दहा कोटींहून अधिक मधुमेही असलेल्या देशात तिच्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही.

लघवीच्या संसर्गाचा फुप्फुसांशी संबंध काय?

वरवर पाहता काहीच नाही. मूत्राशय ओटीपोटात, फुप्फुसे छातीत. दोघांना जोडणारी एकही थेट नळी नाही. पण रक्ताभिसरणाचा नकाशा पाहिला तर हे अंतर वाटते तेवढे मोठे नाही.

आतड्यांकडून येणारे रक्त हृदयाकडे जाण्याआधी यकृतातून गाळले जाते. म्हणूनच आतड्यातील अमिबाचे गळू बहुधा यकृतात होते. मूत्रपिंड, मूत्राशय आणि प्रोस्टेट यांचे रक्त मात्र या वाटेने जात नाही. प्रोस्टेटभोवती शिरांचे दाट जाळे असते. तेथील रक्त ओटीपोटातील मोठ्या शिरांत आणि पुढे थेट हृदयाच्या उजव्या बाजूला पोहोचते. तेथून पुढचा मुक्काम फुप्फुसे. म्हणजे प्रोस्टेटमधून निघालेल्या जंतूला किंवा जंतूंनी भरलेल्या रक्ताच्या गुठळीला वाटेत लागणारी पहिली बारीक चाळणी म्हणजे फुप्फुसांतील केशवाहिन्या. जे अडकायचे ते तेथे अडकते.

प्रोस्टेटच्या शिरांची आणखी एक वाट पाठीच्या कण्याभोवतीच्या शिरांशी जोडलेली आहे. अमेरिकी शरीररचनाशास्त्रज्ञ ऑस्कर बॅटसन यांनी १९४० मध्ये ती दाखवून दिली. प्रोस्टेटचा कर्करोग मणक्यांत का पसरतो, याचे एक स्पष्टीकरण तिच्यात सापडते. काही रुग्णांत संसर्गही याच वाटेने कण्यापर्यंत जातो.

मग फुप्फुसात नेमके काय होते?

दोन अगदी वेगळ्या गोष्टी होऊ शकतात, आणि त्यांची गल्लत होता कामा नये.

पहिल्या प्रकारात जंतू स्वतः फुप्फुसात पोहोचतात. प्रोस्टेटमधील किंवा मूत्रपिंडातील पुवाच्या जागेजवळच्या शिरेत संसर्ग झालेली गुठळी तयार होते, तिचे तुकडे सुटतात आणि फुप्फुसाच्या कडेच्या भागात ठिकठिकाणी रुततात. तेथे छोटी छोटी गळवे होतात. सीटी स्कॅनमध्ये दोन्ही बाजूंना, विशेषतः छातीच्या भिंतीलगत, गोल डाग दिसतात. काहींच्या मध्यभागी पोकळी असते. रुग्णाला ताप, कोरडा खोकला, श्वास घेताना बरगडीत कळ आणि कधी थुंकीतून रक्त असा त्रास होतो. डॉक्टर याला ‘सेप्टिक पल्मनरी एम्बोलिझम’ म्हणतात. अशा गुठळ्यांचा नेहमीचा उगम हृदयाच्या उजव्या बाजूच्या झडपेवरील संसर्ग, शिरेत ठेवलेली नळी किंवा नशेसाठी टोचून घेतलेल्या सुया हा असतो. प्रोस्टेट हा त्यातला क्वचित दिसणारा उगम आहे. त्यामुळेच तो नजरेतून सुटतो.

दुसऱ्या प्रकारात फुप्फुसात जंतू असायलाच हवेत असे नाही. मूत्रमार्गातील जंतू रक्तात शिरले की त्यांच्या आवरणातील विषारी घटकांमुळे शरीराची प्रतिकारयंत्रणा बेभान होते. हीच ‘सेप्सिस’ची अवस्था. या भडक्यात फुप्फुसांतील केशवाहिन्यांच्या भिंती गळू लागतात आणि हवेच्या सूक्ष्म पिशव्यांत द्रव साचतो. बाहेरून कितीही प्राणवायू दिला तरी तो रक्तात पुरेसा उतरत नाही. या अवस्थेला ‘एआरडीएस’ म्हणतात. तिचे पहिले सविस्तर वर्णन १९६७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. करोनाकाळात हे नाव घरोघरी पोहोचले. तेव्हा कारण विषाणू होता. लघवीतून सुरू झालेल्या सेप्सिसमध्ये ई. कोलाय किंवा क्लेबसिएला हे जीवाणू बहुधा कारणीभूत असतात.

दिलासा देणारी बाब अशी की, मूत्रमार्गातून झालेल्या सेप्सिसचे रुग्ण न्यूमोनियातून किंवा पोटातील संसर्गातून झालेल्या सेप्सिसच्या रुग्णांपेक्षा तुलनेने अधिक वाचतात. कारण उगम सापडला तर तो लवकर मोकळा करता येतो. अडलेली लघवी नळीने काढता येते, पू सुईने ओढता येतो. पण त्यासाठी उगम शोधला पाहिजे. २०१७ या एका वर्षात जगभरात सेप्सिसचे अंदाजे ४ कोटी ८९ लाख रुग्ण आणि १ कोटी १० लाख मृत्यू झाले, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासाने मांडला होता.

प्रोस्टेटमध्ये पू होतोच कसा?

प्रोस्टेट किंवा पुरःस्थ ग्रंथी साधारण अक्रोडाएवढी असते. ती मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रनलिकेला वेढून बसलेली असते. पन्नाशीनंतर ती वाढू लागते, लघवी पूर्ण सुटत नाही, मागे राहिलेल्या लघवीत जंतू वाढतात आणि ग्रंथीच्या बारीक नलिकांत शिरतात. सुरुवातीला नुसती सूज असते. उपचार अपुरे पडले तर तेथे पुवाच्या गाठी होतात.

प्रतिजैविके येण्यापूर्वी या गळवांचे मुख्य कारण परमा, म्हणजे गनोरिया, हा गुप्तरोग होता. आज चित्र बदलले आहे. मधुमेह, मूत्रमार्गात ठेवलेली नळी, नुकतीच झालेली बायोप्सी, डायलिसिस, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे ही आजची पार्श्वभूमी. यात मधुमेहाचा वाटा मोठा. रक्तातील साखर सतत चढी असली की पांढऱ्या पेशी सुस्तावतात. वर्षानुवर्षांच्या मधुमेहाने मूत्राशयाच्या नसा बधिर झाल्या की लघवी तुंबूनही रुग्णाला कळत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात अंदाजे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत.

प्रोस्टेटमधल्या गळवाची खास अशी लक्षणे नसतात, ही खरी अडचण आहे. थंडी वाजून ताप, लघवीला जळजळ, धार बारीक होणे, लघवी तुंबणे, अंडकोश आणि गुदद्वार यांच्यामधल्या भागात ठणका. यातले एकही लक्षण फक्त गळवाचे नाही. काही मधुमेहींना तर दुखतही नाही; नुसता ताप येत राहतो. त्यातून पुरुष मंडळी या भागाच्या तक्रारी मोकळेपणाने सांगत नाहीत. मुलाबरोबर दवाखान्यात आलेले वडील ताप आणि खोकला सांगतात, लघवीचे गिळून टाकतात. डॉक्टरांनी मुलाला बाहेर थांबायला सांगून एक प्रश्न विचारला तर निदान दोन दिवस आधी होऊ शकते.

छातीतल्या डागांमुळे कोणते चुकीचे निदान होऊ शकते?

साठीच्या आसपासचा पुरुष, वजन घटलेले, महिनाभर ताप, फुप्फुसात डाग, काही डागांत पोकळी. भारतात असे चित्र दिसले की पहिला संशय क्षयाचा येतो. तो चूक म्हणता येणार नाही, कारण क्षय आपल्याकडे खरोखरच फार आहे. पण थुंकीच्या तपासणीत जंतू सापडले नसतानाही केवळ स्कॅनवरून क्षयाची औषधे सुरू झाली, तर प्रोस्टेटमधला पू तसाच राहतो आणि मौल्यवान आठवडे निघून जातात. गंमत म्हणजे क्षयाचा प्रवास बहुधा उलट दिशेने होतो. तो आधी फुप्फुसात असतो आणि नंतर रक्तावाटे मूत्रपिंडात किंवा प्रोस्टेटमध्ये जातो. त्यामुळे दोन्ही ठिकाणी आजार दिसला तरी कोण आधी, हे तपासावेच लागते.

दुसरी गल्लत अधिक धास्ती देणारी आहे. प्रोस्टेटला सूज आली की रक्तातील ‘पीएसए’ हा घटक झपाट्याने वाढतो. हीच चाचणी प्रोस्टेटच्या कर्करोगासाठीही वापरली जाते. आता वाढलेले पीएसए आणि फुप्फुसातले गोल डाग हे दोन अहवाल एकाच पाकिटात घरी आले, की कुटुंबीय त्याचा अर्थ एकच लावतात. इंटरनेटवर शोधले तर तेही तेच सांगते. कर्करोगाची शंका पूर्णपणे बाजूला सारता येत नाही हे खरे. पण ताप असताना, लघवीत पू-पेशी असताना काढलेल्या पीएसएवरून निष्कर्ष काढू नये, संसर्ग पूर्ण बरा होऊन काही आठवडे गेल्यावर ती चाचणी पुन्हा करावी, अशी मूत्ररोगतज्ज्ञांची पद्धत आहे. डाग संसर्गाचे असतील तर ते योग्य प्रतिजैविकाने विरू लागतात. कर्करोगाचे डाग तसे विरत नाहीत.

कोणते जंतू अधिक घातक?

ई. कोलाय सर्वाधिक आढळतो. मात्र दूर पसरून गळवे करण्यात दोन जंतू पुढे आहेत.

एक, स्टॅफिलोकॉकस ऑरियस. त्वचेवरचा हा जंतू एरवी लघवीत सहसा सापडत नाही. नळी वगैरे नसलेल्या रुग्णाच्या लघवीत तो आढळला, तर ‘लघवीचा संसर्ग’ म्हणून सोडून देऊ नये. अनेकदा तो रक्तातून मूत्रपिंडात झिरपलेला असतो, म्हणजे उगम भलतीकडेच, कदाचित हृदयाच्या झडपेवर असतो. लघवीच्या अहवालातली ही एक ओळ रक्ताचे कल्चर आणि हृदयाची सोनोग्राफी करायला पुरेशी आहे.

दुसरा, क्लेबसिएला न्यूमोनिये या जंतूचा अति-आक्रमक प्रकार. यकृतात गळू करून डोळ्यांपर्यंत पसरणारा हा प्रकार १९८० च्या दशकात तैवानमधील डॉक्टरांच्या लक्षात आला. मधुमेहींत तो यकृत, प्रोस्टेट, फुप्फुसे, डोळे अशी एकाच वेळी अनेक ठिकाणे गाठतो. पूर्वी तो साध्या प्रतिजैविकांना बधायचा. आता तसे राहिलेले नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जुलै २०२४ मध्ये दिलेल्या इशाऱ्यानुसार, हा आक्रमक जंतू भारतासह १६ देश-प्रदेशांत आढळला असून त्याच्या ‘एसटी २३’ या वाणाने काही ठिकाणी कार्बापेनेम या राखीव प्रतिजैविकांनाही दाद न देण्याचे जनुक मिळवले आहे.

कोकण, गोवा आणि किनारी कर्नाटकाचा यात वेगळा उल्लेख का?

मेलिऑइडोसिस या आजारामुळे. सप्टेंबर २०२५ मध्ये आंध्र प्रदेशच्या गुंटूर जिल्ह्यातील तुरकापालेम गावात लागोपाठ झालेल्या मृत्यूंमागे या आजाराचा संशय व्यक्त झाला, तेव्हा अनेकांनी हे नाव प्रथमच ऐकले. प्रत्यक्षात तो शंभर वर्षांहून जुना आहे. १९११-१२ च्या सुमारास रंगूनमध्ये आल्फ्रेड व्हिटमोर आणि त्यांचे सहकारी सी. एस. कृष्णस्वामी यांनी तो ओळखला, आणि ‘इंडियन मेडिकल गॅझेट’मध्ये त्याचे वर्णन केले.

हा जंतू माती आणि साचलेल्या पाण्यात राहतो. भातलावणीच्या चिखलात अनवाणी उभे राहणाऱ्याच्या पायाची एखादी भेग त्याला पुरते. मुसळधार पाऊस आणि वादळात तो श्वासावाटेही शिरतो. पावसाळ्यात रुग्ण वाढतात. जगात दरवर्षी अंदाजे १ लाख ६५ हजार लोकांना हा आजार होतो आणि त्यातील ८९ हजार दगावतात, असा अंदाज २०१६ मध्ये मांडण्यात आला. त्यातला ४४ टक्के भार दक्षिण आशियावर आहे.

उत्तर ऑस्ट्रेलियातील डार्विन शहरात १९८९ पासून या आजाराच्या प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवली जाते. तेथे सुमारे निम्म्या रुग्णांत न्यूमोनिया आढळला, तर पुरुषांपैकी साधारण पाचात एकाच्या प्रोस्टेटमध्ये गळू सापडले. एकाच रुग्णात फुप्फुस आणि प्रोस्टेट दोन्ही बाधित असणे, ही या आजाराची जणू सहीच. जंतू नेहमी प्रोस्टेटमधूनच वर जातो असे नाही. तो त्वचेतून किंवा फुप्फुसातून शिरून रक्तावाटे प्रोस्टेटमध्ये जाऊन बसतो, आणि तेथे प्रतिजैविके नीट पोहोचत नसल्याने टिकून राहतो. म्हणून डार्विनमध्ये मेलिऑइडोसिसचे निदान झालेल्या प्रौढांच्या पोट-ओटीपोटाचे स्कॅन लघवीची तक्रार नसली तरी करतात. ही सवय आपल्याकडेही लागायला हरकत नाही.

भारतात हा आजार किनारी कर्नाटक, केरळ, गोवा, तमिळनाडू, ओडिशा आणि ईशान्येत आढळतो. मणिपालच्या कस्तुरबा वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी त्यावर मोठे काम केले आहे. सिंधुदुर्गातील माती, पाऊस आणि भातशेती सीमेपलीकडच्या गोव्याहून फारशी वेगळी नाही. तेथील अनेक रुग्ण मोठ्या उपचारांसाठी बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयातच जातात. तरीही कोकणातल्या छोट्या प्रयोगशाळेत हा जंतू वाढला, तर तो ‘स्यूडोमोनास’ किंवा नमुन्यात बाहेरून मिसळलेला जंतू म्हणून बाजूला पडण्याची शक्यता अधिक. मधुमेही शेतकऱ्याच्या ताप-खोकल्यावर तालुक्याच्या रुग्णालयात सहज दिले जाणारे सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन हे इंजेक्शन या जंतूवर भरवशाचे नाही. जेंटामायसिनही बहुधा चालत नाही. सेफ्टाझिडिम किंवा मेरोपेनेम लागते. किमान दोन आठवडे शिरेतून, खोलवर गळू असेल तर त्याहून अधिक, आणि त्यानंतर कोट्रायमोक्झाझोलच्या गोळ्या किमान तीन महिने. मधेच सोडले तर आजार उलटतो.

स्त्रियांना हा धोका नाही का?

प्रोस्टेट नाही, पण मूत्रपिंड आहे. लघवीचा संसर्ग मुळात स्त्रियांतच अधिक. मूत्राशयापुरता असलेला संसर्ग फुप्फुसात जात नाही. तो मूत्रपिंडात चढला, कुशीत दुखून हुडहुडी भरू लागली, तर चिंता करावी. गर्भवतींबाबत हे विशेष लक्षात ठेवायला हवे. वाढत्या गर्भाशयाचा दाब आणि संप्रेरकांमुळे मूत्रवाहिन्या सैलावतात, लघवी साचते. मूत्रपिंडाच्या संसर्गामुळे रुग्णालयात दाखल झालेल्या गर्भवतींपैकी काही टक्के स्त्रियांना धाप लागते, क्वचित एआरडीएसही होतो. कोणतेही लक्षण नसताना गर्भवतींची लघवी तपासतात ती यासाठीच. ती तपासणी कंटाळून टाळू नये.

मूत्रपिंडाभोवतीचे मोठे गळू क्वचित पडदा भेदून थेट छातीच्या पोकळीत किंवा श्वासनलिकेत फुटते. बहुधा त्यामागे जुना मुतखडा असतो. छातीत पाणी झाले म्हणून काढले आणि त्यात लघवीचे घटक सापडले, अशीही प्रकरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली गेली आहेत. पण ही फारच विरळा.

औषधामुळेही फुप्फुसाला इजा होऊ शकते का?

होऊ शकते, आणि या विषयातला हा भाग सर्वात कमी बोलला जातो. लघवीच्या संसर्गावर नायट्रोफ्युरॅण्टॉइन ही जुनी, स्वस्त आणि मूत्राशयापुरत्या संसर्गावर आजही उत्तम असलेली गोळी सर्रास दिली जाते. ती घेणाऱ्या फार थोड्या लोकांना सुरू केल्यापासून पहिल्या एक-दोन आठवड्यांत ताप, कोरडा खोकला आणि धाप असा त्रास होतो. गोळी थांबवली की बहुतेक जण बरे होतात. मात्र संसर्ग वारंवार होतो म्हणून महिनोन्‌महिने रोज एक गोळी घेणाऱ्यांत, विशेषतः वयस्क स्त्रियांत, फुप्फुसे हळूहळू कडक होत जाण्याचा धोका असतो. तो लवकर लक्षात येत नाही, कारण जिना चढताना लागणारी धाप सगळेच वयाच्या खात्यावर टाकतात. ब्रिटनच्या औषध नियामकाने एप्रिल २०२३ मध्ये याबाबत डॉक्टरांना पुन्हा सावध केले होते.

पुरुषांच्या बाबतीत या गोळीची दुसरी मर्यादा आहे. ती लघवीत भरपूर उतरते, पण प्रोस्टेटच्या किंवा मूत्रपिंडाच्या पेशीजालात पुरेशी पोहोचत नाही. त्यामुळे ताप असलेल्या पुरुषाला ही गोळी दिली, तर जळजळ थांबते, लघवी स्वच्छ दिसते आणि प्रोस्टेटमधला संसर्ग आतल्या आत वाढत राहतो. प्रोस्टेटमध्ये चांगली उतरणारी क्विनोलोन गटाची औषधे आपल्याकडे इतकी वापरली गेली आहेत की, ई. कोलाय त्यांना मोठ्या प्रमाणात दाद देत नाही. शिवाय त्यातली काही औषधे क्षयाच्या जंतूलाही तात्पुरती दाबतात आणि क्षयाचे निदान लांबवतात. काही प्रतिजैविकांसाठी २०१४ पासून ‘एच-१’ परिशिष्टाचा नियम लागू आहे. त्यानुसार दुकानदाराने चिठ्ठी पाहून विक्रीची नोंद ठेवायची असते. पाकिटावर लाल रेघही असते. ‘लघवीची गोळी द्या’ म्हटल्यावर किती दुकानांत चिठ्ठी मागितली जाते, हे वाचकांना सांगायला नको.

रुग्णाने किंवा घरच्यांनी केव्हा सावध व्हावे?

लघवीच्या त्रासासोबत थंडी वाजून ताप आला, तर तो घरगुती उपायांचा विषय राहत नाही. पुरुषांमध्ये तर नाहीच. त्यात श्वास जलद होणे (मिनिटाला २२ किंवा अधिक), बोलण्यात असंबद्धता किंवा गुंगी, वरचा रक्तदाब १०० किंवा त्याखाली, यांपैकी दोन गोष्टी दिसल्या तर सेप्सिसची शक्यता गृहीत धरून त्याच दिवशी अतिदक्षता विभाग असलेले रुग्णालय गाठावे. करोनाकाळात घेतलेला ऑक्सिमीटर कपाटात पडून असेल तर तो येथे उपयोगी पडतो. एरवी निरोगी फुप्फुसे असलेल्या माणसात आकडा ९४ च्या खाली जाणे हे चांगले लक्षण नाही. ज्येष्ठांना मात्र कधी कधी ताप येतच नाही. अचानक गोंधळल्यासारखे वागणे, जेवण टाकणे एवढेच दिसते.

योग्य प्रतिजैविक सुरू होऊनही दोन-तीन दिवसांत ताप उतरला नाही, तर औषध बदलण्याआधी कुठे पू साचला आहे का, हे पाहावे लागते. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत प्रोस्टेटमधले छोटे गळू निसटू शकते. गुदमार्गातून केलेली सोनोग्राफी, सीटी किंवा एमआरआय यांत ते दिसते. बोटाने तपासताना डॉक्टरांनीही हात हलका ठेवायचा असतो, कारण सुजलेली ग्रंथी जोराने दाबली तर जंतू रक्तात ढकलले जाण्याची भीती असते. गळू साधारण एक सेंटिमीटरहून मोठे असेल तर बहुधा ते सुईने किंवा दुर्बिणीतून मोकळे करावे लागते. पू तसाच ठेवून केवळ इंजेक्शने वाढवत नेल्याने फुप्फुसातले डागही हटत नाहीत.

आणि लघवीचे व रक्ताचे कल्चर? ते प्रतिजैविकाची पहिली मात्रा देण्याआधी घ्यायचे असते. एकदा औषध पोटात गेले की प्रयोगशाळेत अनेकदा काहीच वाढत नाही आणि पुढचे सगळे उपचार अंदाजावर चालतात. रुग्ण अत्यवस्थ असेल तर कल्चरसाठी औषध रोखून धरायचे नाही, हे खरे. पण नमुना घ्यायला काही मिनिटेच लागतात. घरून निघण्यापूर्वी ‘आधी एक गोळी घेऊन बघू’ असे म्हणून जी गोळी घेतली जाते, तिचे नाव आणि वेळ तरी कागदावर लिहून न्यावी. अहवालात जंतू का सापडला नाही, याचा उलगडा डॉक्टरांना त्यावरून होतो.